चष्मेवाल्यांची निळी दुपार

माणसं डॉक्टरशी खोटं बोलतात, वकिलाशी बोलतात, पण सगळ्यात जास्त खोटं चष्म्याच्या दुकानातल्या अंधाऱ्या खोलीत बोलतात, असं चष्मेवाल्यांचं ठाम मत होतं. खुर्चीत बसलेले गृहस्थ समोरच्या पाटीवरची शेवटची ओळ धडाधड म्हणून दाखवायचे, कारण आधीच्या गिऱ्हाइकाचं वाचन त्यांनी बाहेर बसून ऐकलेलं असायचं. चष्मेवाले दुसरी पाटी लावायचे आणि गृहस्थांची बोबडी वळायची. "अहो, नंबर वाढला म्हणून कुणी फासावर देत नाही," चष्मेवाले म्हणायचे. "दिसत नसेल तर नाही म्हणा. त्याचसाठी तर मी इथं बसलोय."

असे हे चष्मेवाले गेले कित्येक महिने स्वतःच्या बायकोशी खोटं बोलत होते.

गोष्ट साधी होती. बायकोजवळ गेलं की ऐन वेळी ताठरता येत नव्हती, आणि आलीच तर टिकत नव्हती. पहिल्यांदा असं झालं तेव्हा त्यांनी ते दमणुकीवर ढकललं. दुसऱ्यांदा उकाड्यावर. तिसऱ्यांदा ढकलायला काही उरलं नाही, आणि मग त्यांच्या मनात अशी धास्ती बसली, की आता पुन्हा तसंच होणार या विचारानंच सगळं सुरू व्हायच्या आधी ओसरायला लागलं. पन्नाशी नुकतीच ओलांडलेला, हातापायांनी धडधाकट माणूस, आणि स्वतःच्या पलंगाला भिऊ लागला.

यावर त्यांनी शोधलेला उपाय म्हणजे घोरणं. दिवा मालवला की चष्मेवाले लगेच घोरायला सुरुवात करायचे. नट म्हणून त्यांच्यात काही दम नव्हता. डोकं उशीला टेकायच्या आधीच घोरण्याचा पहिला आवाज बाहेर पडायचा. त्यांची बायको, जिला अख्खी गल्ली काकू म्हणायची, तिनं काही दिवस हे ऐकून घेतलं. मग एके दिवशी उशी बगलेत मारून ती मुलीच्या रिकाम्या खोलीत झोपायला गेली. "तुमच्या घोरण्यानं डोळ्याला डोळा लागत नाही," एवढंच म्हणाली. म्हणजे जे आजारपण नव्हतंच, त्यापायी बायको गेली, आणि जे होतं ते तसंच राहिलं.

दिवसा मात्र दोघं एकाच दुकानात. पुढे काउंटरवर काकू फ्रेम दाखवणार, मागे अंधाऱ्या खोलीत चष्मेवाले नंबर काढणार. बोलणं फक्त काचांचं, कोटिंगचं, कुणाची ऑर्डर आली आणि कुणाची नाही याचं. पूर्वी गिऱ्हाईक पाठमोरं झालं की काकू त्याची अशी हुबेहूब नक्कल करायची, की चष्मेवाल्यांना हसू आवरायला आत पळावं लागायचं. आता गिऱ्हाईक गेलं की काकू काउंटर पुसायची.

आणि मग परगावी नोकरी करणाऱ्या मुलीचा फोन आला. काकू तिला म्हणाली, "येते की तुझ्याकडे. राहते चांगली दोन-चार महिने. इथं तसं माझ्यावाचून कुणाचं काय अडलंय?"

चष्मेवाले तेव्हा एका काचेची कड घासत होते. ते शेवटचं वाक्य त्यांच्या काळजात घुसलं. काकूनं माळ्यावरून मोठी बॅग काढली, फडक्यानं पुसली, आणि चष्मेवाल्यांच्या लक्षात आलं की ही मुलीकडे निघालेली नाही. ही आपल्याला कंटाळून निघाली आहे, आणि तिला थांबवायचं तर खरं सांगावं लागेल. तेवढं मात्र मरण आलं तरी होणार नव्हतं.

घरच्या डॉक्टरांकडे ते एकदा जाऊन आले होते. हिंमत करून गेले, खुर्चीत बसले, डॉक्टरांनी विचारलं, "बोला, काय होतंय?" आणि चष्मेवाले म्हणाले, "छातीत जळजळ." गुलाबी औषधाची बाटली घेऊन परत आले, आणि पैसे दिलेत म्हणून ती इमानेइतबारे संपवलीसुद्धा.

राहिला मित्र. पलीकडच्या रस्त्यावर सायकली दुरुस्त करणारा, शाळेपासूनचा सोबती, ज्याला हाडांचा सापळा असल्यामुळे सगळे काडीपैलवान म्हणायचे. त्याच्यापुढे चष्मेवाल्यांनी आडून आडून विषय काढला. "माझ्या एका ओळखीच्यांना जरा त्रास आहे," असं सुरू केलं.

काडीपैलवानानं हातातला पाना खाली ठेवला. "त्या ओळखीच्याला सांग, मलाही आहे. लाजतोस काय लेका?" असं म्हणून त्यानं खणातून गोळ्यांचं पाकीट काढलं, कात्रीनं दोन गोळ्या कापून दिल्या. "घे. एकदम फर्स्ट क्लास."

आपण स्वतः अर्धीच घेतो, तीही रिकाम्या पोटी, आणि तीही डॉक्टरांनी तपासून लिहून दिलेली, हे सांगायचं काडीपैलवान विसरला. तितक्यात एक बाई पंक्चर झालेली सायकल घेऊन आल्या होत्या.

दुकान दुपारी जेवणानंतर बंद असायचं आणि चारला उघडायचं. चष्मेवाल्यांनी ती दुपार निवडली. पोटभर जेवले, मागून दोनदा भात घेतला, कारण ताकद लागेल असं त्यांना वाटलं. काकू वर घरात आवराआवर करत होती. "जरा खालची कामं उरकून येतो," असं सांगून ते खाली दुकानात आले, पाण्याबरोबर अख्खी गोळी गिळली, आणि काउंटरमागे बसून वाट बघू लागले.

काय व्हायला हवं होतं, ते त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं. घड्याळाचा गजर व्हावा तसं काहीतरी आपोआप होईल, मग आपण ताडकन उठून वर जाऊ, अशी त्यांची कल्पना. पंधरावीस मिनिटं गेली. काही नाही. मांडीवर हात ठेवून त्यांनी अंदाज घेतला. काही नाही. कान मात्र तापले, नाक चोंदलं. वेळ घालवायला म्हणून त्यांनी कंपनीकडून आलेल्या नव्या काचांचा डबा उघडला. स्क्रीनचा निळा उजेड अडवणाऱ्या त्या काचा, त्यातलाच एक जोड त्यांनी सकाळी स्वतःच्या चष्म्यात बसवला होता.

बराच वेळ काचा पुसून त्यांनी मान वर केली, तर समोरची पांढरी भिंत निळसर दिसत होती.

चष्मेवाले दचकले नाहीत, चिडले. इतक्या वर्षांचा अनुभव पाठीशी असलेला माणूस, त्याला घोडं कुठं पेंड खातंय ते लगेच कळलं: कोटिंग बिघडलेलं आहे! त्यांनी तडक काचांच्या कंपनीच्या माणसाला फोन लावला आणि त्याची अशी बिनपाण्यानं केली, की तो बिचारा जेवता जेवता उभा राहिला असावा. "निळा उजेड अडवायची काच, आणि तिच्यातून सगळं जगच निळं दिसतंय! अहो, लाज वाटते का? सगळा माल परत न्या. आजच्या आज!"

फोन ठेवला, चष्मा काढून टेबलावर आपटला, आणि भिंतीकडे पाहिलं.

भिंत निळीच होती.

मग त्यांनी ट्यूबलाइट बदलली. नवी ट्यूब निळी. शटर थोडं वर करून रस्त्यावर बघितलं. समोरच्या इमारतीचा पांढरा जिना निळा, स्वतःचा शर्ट निळा, तळहात निळसर. आता मात्र चष्मेवाल्यांची पाचावर धारण बसली. दुसऱ्यांचे डोळे तपासण्यात हयात गेली, आणि आपले स्वतःचे चालले! गोळीचा विचार त्यांच्या डोक्यात आला नाही. गोळी कमरेखालची, डोळे वरचे, त्यांचा काय संबंध?

ट्यूब बदलताना स्टूल पडलं, त्याचा आवाज ऐकून काकू खाली आली. "काय धिंगाणा चाललाय?"

"ही भिंत कुठल्या रंगाची आहे?"

"पांढरी."

"नीट बघ."

"अहो, मीच रंगवून घेतलीय. पांढरीच आहे." मग तिचं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे गेलं. "तोंड का असं लाल झालंय तुमचं? बसा. आत चला, खुर्चीत बसा."

आजवर त्या खुर्चीत चष्मेवाले कधी बसले नव्हते. काकूनं दार लावलं, पाटीचा दिवा लावला, एका डोळ्यावर झाकण धरलं. काउंटरवर उभं राहून तिनं ऐकलं होतं, तेवढंच तिला येत होतं. "वाचा. खालची ओळ. आता वरची. पाटीचा रंग?"

"निळा."

"आणि या डोळ्यानं?"

"तोही निळा. अगं, माझे डोळे गेले बहुतेक."

काकूनं पुढचं ऐकलंच नाही. दोन मिनिटांत ती पर्स घेऊन रस्त्यावर, हात करून रिक्षा थांबवतेय आणि नवऱ्याला दंडाला धरून आत कोंबतेय. वाटभर तिनं त्यांचा दंड सोडला नाही. कित्येक महिन्यांतला तिचा इतका वेळ टिकलेला पहिला स्पर्श तो, आणि चष्मेवाल्यांना भीतीतसुद्धा तो जाणवला.

नेत्रतज्ज्ञ बाई त्यांना चांगल्या ओळखत होत्या. त्यांच्या चिठ्ठ्या घेऊन रोज माणसं चष्मेवाल्यांकडे यायची. त्यांनी डोळ्यांत थेंब टाकले, यंत्रातून आतपर्यंत बघितलं, पुन्हा बघितलं आणि मागे टेकून बसल्या.

"पडदा उत्तम आहे. नसही ठीक. आज काही नवीन औषध घेतलंत?"

"छे."

"एखादी गोळी?"

चष्मेवाले खुर्चीत आक्रसले. "तशी एक घेतली. ताकदीची."

"कसल्या ताकदीची?"

"सर्वसाधारण."

"सर्वसाधारण ताकदीनं जग निळं होत नाही, चष्मेवाले." बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांना काय ते समजलं. मग त्या काकूला म्हणाल्या, "काकू, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

काकू उठली. तिला वाटलं, काहीतरी भयंकर आहे, आपल्यापासून लपवायचं असं काहीतरी. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, तरी ती काही न विचारता दाराकडे निघाली. गेले कित्येक महिने ती अशीच काही न विचारता बाजूला होत आली होती. चष्मेवाल्यांनी ते पाहिलं, आणि त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की त्यापुढे बाकीची लाज फिकी पडली.

"थांब," ते म्हणाले. "डॉक्टर, बसू दे तिला. तिच्यामुळेच... म्हणजे तिच्यासाठीच घेतली." आणि मग एकदा तोंड उघडल्यावर त्यांना थांबता येईना. "मला जमत नाहीये गं. कधीपासून. इच्छा असते, पण ऐन वेळी काहीच होत नाही. तुझ्यासमोर पुन्हा तसं होऊ नये म्हणून मी तुझ्याजवळ येणंच सोडलं. घोरतसुद्धा नाही मी. नाटक होतं ते."

नेत्रतज्ज्ञ बाई यंत्राची काच पुसू लागल्या.

"म्हणजे मी नाही?" काकूनं विचारलं.

"काय तू नाही?"

"मला वाटलं, माझी पाळी गेली, अंग सुटलं, आता मी तुम्हाला नकोशी झाले." तिचे डोळे भरून आले, आणि त्याच दमात ती चिडली. "अहो, मी फ्रेम बदलली! तांबडी फ्रेम घातलीय मी, आपल्याच दुकानातली. गल्लीतल्या शेंबड्या पोरानंसुद्धा विचारलं, काकू नवा चष्मा का म्हणून. तुम्ही चष्म्याचा धंदा करता, आणि इतके दिवस माझ्या तोंडाकडे मान वर करून बघितलं नाहीत!"

चष्मेवाल्यांनी बघितलं. फ्रेम त्यांना जांभळी दिसत होती. "छान आहे," ते म्हणाले. "रंग उद्या सांगतो."

आधी डॉक्टरीण बाई हसल्या, मग काकू, आणि मग डोळे पुसत चष्मेवालेही.

हसणं थांबल्यावर बाईंनी दोघांना समजावून सांगितलं. ही गोळी डोळ्याच्या पडद्यातल्या पेशींवरही थोडं काम करते, डोस जास्त झाला की काहींना निळसर दिसतं, काही तासांत ते उतरतं. "पण छातीत दुखण्याच्या गोळ्या चालू असत्या आणि त्यात ही घेतली असतीत, तर जिवावर बेतलं असतं. दुसऱ्याचा चष्मा तुम्ही कुणाला घालू देता का? मग दुसऱ्याची गोळी का घेता? उद्या घरच्या डॉक्टरांकडे जा, दोघं जा, आणि हे सगळं त्यांना सांगा."

दुसऱ्या दिवशी जग पुन्हा पांढरं झालं होतं. चष्मेवाल्यांनी आधी काचांच्या कंपनीत फोन करून त्या माणसाची माफी मागितली. "माल चांगला आहे, माझंच डोकं फिरलं होतं," म्हणाले. मग काकूला घेऊन डॉक्टरांकडे गेले.

"जळजळ थांबली का?" डॉक्टरांनी विचारलं.

"जळजळ नव्हतीच," चष्मेवाले म्हणाले, आणि खरं काय ते सांगितलं. दुसऱ्या खेपेला जरा सोपं गेलं.

डॉक्टरांना काही नवल वाटलं नाही. रोज असे दोघं-चौघं येतात, म्हणाले, आणि सगळे आधी जळजळ सांगतात. त्यांनी विचारलं, "इच्छा होते आणि जमत नाही, की इच्छाच होत नाही? पहाटे झोपेत आपोआप ताठरता येते का?" हा प्रकार की तो, असं एकेक विचारत त्यांनी दुखणं वेगळं काढलं, आणि चष्मेवाल्यांना मनात कौतुक वाटलं, कारण तेही खुर्चीतल्या माणसाला असंच, ही काच बरी की ती, विचारत. रक्त तपासलं, रक्तदाब घेतला. साखर वाढलेली निघाली. "त्या जागेच्या रक्तवाहिन्या बारीक असतात," डॉक्टर म्हणाले. "हृदयाच्या मोठ्या वाहिन्यांचा बिघाड कळायच्या आधी तिथं कळतो. म्हणजे तुमच्या शरीरानं वेळेवर तक्रार केली, आणि तुम्ही मला जळजळीचं सांगत बसलात."

चष्मेवाल्यांची रोजची सिगारेट बंद झाली, रोजचं चालणं सुरू झालं, साखरेची गोळी आली. ती दुसरी गोळीही मिळाली, पण लहान, आणि हलक्या पोटी घ्यायची. "आणि ती घेऊन खुर्चीत वाट बघत बसू नका," डॉक्टरांनी बजावलं. "जवळ माणूस लागतं, मनात ओढ लागते. गोळी फक्त पुढचा रस्ता मोकळा करते." गोळीनं नाही भागलं तर त्या जागी रक्त खेचून आणणारं उपकरण असतं, इंजेक्शन असतं, अगदी शस्त्रक्रियासुद्धा असते. इच्छाच मेली असती तर हार्मोन तपासले असते. ते कमी निघाले तरच त्याचं औषध. काकू सगळं कान देऊन ऐकत होती आणि मधूनमधून प्रश्नही विचारत होती. चष्मेवाले मात्र जमिनीच्या फरश्या बघत होते.

"आणि शेवटचं," डॉक्टर म्हणाले. "पुढचे काही आठवडे संबंध ठेवायचा नाही. सक्त मनाई. नुसतं जवळ झोपा, हात फिरवा, गप्पा मारा. परीक्षाच नाही म्हटल्यावर नापास व्हायची भीती जाते."

काकूचं मुलीकडे जाणं लांबणीवर पडलं. मुलीनं कारण विचारलं तर म्हणाली, "तुझ्या बाबांना साखर निघालीय, लक्ष ठेवायला हवं." तिची उशी परत आली. पहिल्या दिवशी दोघं शेजारी पडून राहिले, ते एखाद्याच्या घरी पाहुणे म्हणून गेल्यासारखे अवघडून. काय करायचं सुचेना, म्हणून काकूनं दुपारी आलेल्या एका गिऱ्हाइकाची नक्कल करून दाखवली, आणि चष्मेवाले हसून हसून पलंगावरून पडायचे राहिले. मग हळूहळू हात धरला गेला, पाठ चेपली गेली, केसांतून बोटं फिरली. मनाई होती म्हणूनच की काय, दोघांना भलतीच ओढ लागली. लग्नाआधी चोरून भेटताना झाली असती तशी अवस्था. त्यांचं लग्न ठरवून झालेलं, त्यामुळे ही मजा त्यांच्या वाट्याला तेव्हा आलीच नव्हती.

आणि एका दुपारी, दुकान बंद असताना, डॉक्टरांची मनाई मोडली.

सगळं फार छान चाललं होतं. चष्मेवाल्यांना तर विश्वासच बसेना. आणि तो बसेना, या विचारापाशीच घोटाळा झाला. मध्येच सगळं ओसरलं. एरवी ते तोंड फिरवून भिंतीकडे वळले असते. पण काकूचा चेहरा अगदी समोर होता, आणि ती त्यांच्याकडे बघत होती.

"गेलं," ते म्हणाले.

"कळलं मला."

"वाईट वाटलं तुला?"

काकूनं जरा विचार केला. "वाटलं थोडं. पण इतके महिने भिंतीशी बोलत होते मी, त्याच्या तुलनेत काहीच नाही. तुम्ही मला सांगितलंत. मला तेच हवं होतं." तिनं त्यांच्या छातीवर डोकं टेकलं, आणि लगेच पुन्हा उचललं. "पण ते दुसरंही हवंय हं मला. मी काही एवढ्यावर सोडणार नाही. उगाच साध्वी बनवू नका मला."

चष्मेवाल्यांना असं हसू फुटलं की खाट करकरली. काकूही हसू लागली. हसता हसता एकमेकांना धरून राहिले, आणि कुणीच कसली वाट बघत नव्हतं, कुणी काही तपासत नव्हतं. त्यामुळे असेल, किंवा बाकी कशामुळे, गेलेलं परत येतंय असं दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

नेमकं तेव्हाच खालच्या शटरवर कुणीतरी थापा मारल्या. चार वाजून गेले होते. ती निळी दुपार सोडली तर इतक्या वर्षांत ते दुकान चारला उघडलं नाही असं झालं नव्हतं, आणि वेळेच्या बाबतीत काकू घड्याळाहून कडक. ती अंगाभोवती चादर लपेटून खिडकीपाशी गेली आणि पडद्याआडून डोकं तेवढं बाहेर काढलं.

"काकू, दुकान बंद का? काकांची तब्येत बरी आहे ना?" खालून आवाज आला.

"होतेय बरी!" काकूनं ओरडून सांगितलं. "तुम्ही उद्या या!"

आणि तिनं पडदा ओढून घेतला.